‘आंघोळीला असहकार करतात’ या ओळीत आजोबा कुठेयत?

पत्र असं आलंय:

“ताई, मी सहा महिन्यांपूर्वी एका केअर होममध्ये केअर असिस्टंट म्हणून लागले. आमच्याकडे ७८ वर्षांचे एक आजोबा आहेत, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मागे एकदा पडलेत पण फ्रॅक्चर नव्हतं. त्यांच्या जुन्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे काळजी कशी घ्यायची त्या कागदात, लिहिलंय, ‘आंघोळीला असहकार करतात, आक्रमक होतात, दोघांनी मिळून आंघोळ घालावी.’ दुपारनंतर ते सारखे उठून मेन दाराकडे जातात, त्यांची मुलगी म्हणते बाबांना एकटं अजिबात चालू देऊ नका, म्हणून आम्ही त्यांना परत परत खुर्चीत आणून बसवतो. मॅनेजर मॅडमनी सांगितलंय की शुक्रवारपर्यंत प्लॅन पर्सन-सेंटर्ड, म्हणजे त्या माणसाला मध्यभागी ठेवून लिहिलेला, करून दे. मी शेवटी ‘आजोबांच्या आवडीनिवडींचा आदर करावा’ अशी ओळ टाकली, मॅडम छान म्हणाल्या. पण मला माहितीये की उद्या सकाळी बाथरूममध्ये तेच होणारे. मी काय लिहू?”

अगं, आधी एक सांगते, तुला जे खटकलंय ना ते अगदी बरोबर खटकलंय. मी बरीच वर्षं नर्सिंगमध्ये काढली, असे शेकडो प्लॅन वाचले आणि सुरुवातीला स्वतःही लिहिले, त्यामुळे ‘आवडीनिवडींचा आदर करावा’ ही ओळ माझ्या फार ओळखीची आहे. एक करून बघ. प्लॅनवरचं नाव हाताने झाक आणि ती ओळ शेजारच्या बेडवरच्या माणसाला लागू पडते का बघ. पडते ना? मग ती आजोबांबद्दल नाहीच. उद्या तू रजेवर असलीस आणि तुझ्या जागी कुणी नवीन मुलगी आली, तिने सकाळी सहा वाजता तो कागद उघडला, तर नेमकं काय करायचं हे तिला कळलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी आहे.

आता ‘असहकार’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे.

हा शब्द एकदा कागदावर चढला की तो निघत नाही. पुढचा येणारा प्रत्येक माणूस तो वाचून आधीच दंड आवळून आत जातो, दोघं दोन बाजूंनी धरतात, आजोबा घाबरून हात झटकतात, आणि संध्याकाळी परत नोंद होते, ‘आक्रमक झाले.’ पण झालं काय नेमकं? कुणी, कधी, काय करताना, त्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं? हे कुठेच नसतं. ‘असहकार’ हा आपला निष्कर्ष झाला, त्यात घडलेली गोष्ट कुठेय?

माझ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांच्या प्लॅनमध्येही असंच होतं. बाथरूममध्ये नेलं की ओरडायच्या, नखं लावायच्या. एके दिवशी मी नुसती बाजूला उभी राहून बघितलं, हात न लावता. दोघी आल्या, दोघी चांगल्याच होत्या, पण घाईत. सगळ्यात आधी त्यांनी आजींचं कानातलं ऐकायचं मशीन काढलं, भिजू नये म्हणून. मग चष्मा काढला. मग गाऊन. म्हणजे एका मिनिटाच्या आत त्या बाईला ऐकू येईना, दिसेना, अंगावर कपडा नाही, थंडी वाजतेय, आणि दोन धूसर आकृत्या तिला पकडतायत, आणि मग एकदम वरून डोक्यावर पाणी. तुला सांगते, माझ्याच अंगावर काटा आला. तिच्या जागी मीही ओरडले असते.

आम्ही क्रम बदलला, बाकी काही नाही. बाथरूम आधी गरम केली, कपडे कोरडे करून जवळ ठेवले. चष्मा आणि मशीन शेवटपर्यंत राहू दिलं. मोठा कोमट टॉवेल अंगावर पांघरला आणि त्याच्या खालूनच एकेक भाग धुतला, सुरुवात पायांपासून, चेहरा सगळ्यात शेवटी, तोही त्यांच्या हातात ओला रुमाल देऊन त्यांनाच पुसायला सांगून. केस त्या दिवशी धुतलेच नाहीत, ते वेगळ्या दिवशी. दोघींऐवजी एकच जण आत, रोज शक्यतो तीच. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, आठवड्याभरात ओरडणं जवळपास थांबलं. आणि हा माझ्या एकटीचा अनुभव आहे असंही नाही, अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये डिमेन्शिया असलेल्या लोकांवर नेमकी हीच गोष्ट तपासून बघितलेली आहे, २००४ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्या-त्या माणसाला रुचेल तशी शॉवरखाली घातलेली आंघोळ आणि बेडवरच टॉवेलखाली दिलेली आंघोळ, दोन्हींनी मारणं-ओरडणं अर्ध्याहून जास्त कमी झालं होतं. त्यामुळे कुणी तुला म्हणालं की हे सगळे लाड आहेत, तर ऐकून घेऊ नकोस.

पण थांब, टॉवेल आणायला पळण्याआधी एक काम. आजोबांचा नकार जुनाच आहे की अलीकडे वाढलाय, हे विचार. अचानक वाढला असेल, एकदोन दिवसात माणूस बदलल्यासारखा वाटत असेल, जास्त गोंधळलेला किंवा उलट एकदम गुंगीत, तर ते प्लॅनमध्ये लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. इन्फेक्शन असू शकतं, पोट साफ नसेल, लघवी अडली असेल, नवीन गोळी सुरू झाली असेल. आणि जुनाच असला तरी दुखणं बघच. खांदा आखडलेला माणूस शर्ट काढताना हात झटकणारच, आणि डिमेन्शियात ‘मला खांदा दुखतोय’ हे शब्द कित्येकदा सापडत नाहीत, मग ते हाताने बोलतात. शर्ट काढताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, कपाळ आक्रसतं का, एकच बाजू सांभाळतात का. तसं दिसलं तर आंघोळीच्या आधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी देता येईल का हे नर्सला आणि डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने नाही.

आता दाराचं.

इथे मला टॉम किटवुड यांचं म्हणणं नेहमी आठवतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला डिमेन्शियावर काम करणारे हे मानसशास्त्रज्ञ, १९९७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात त्यांनी मांडलं की आजार मेंदूत असला तरी माणूस माणूसच राहतो, आणि त्याच्या गरजा एका फुलासारख्या काढून दाखवल्या, मधोमध प्रेम आणि भोवती पाच पाकळ्या: दिलासा, जवळीक, सामावून घेतलं जाणं, हाताला काम, आणि ‘मी कोण’ ही ओळख. आपण केअर प्लॅनमध्ये काय लिहितो? खाणं, धुणं, गोळ्या, संडास. या पाचांपैकी एक दिलासा कसाबसा येतो, बाकी चार पाकळ्यांचा पत्ताच नसतो.

हाताला काम आणि ओळख, या दोन पाकळ्या धरून आजोबांच्या दाराकडे बघ. दुपारनंतरच का जातात? किती वाजता? पूर्वी काय काम करायचे? आमच्याकडे एक काका होते, तेही असेच संध्याकाळी प्रत्येक दार हलवून बघायचे, ‘पळून जायचा प्रयत्न करतात’ असं लिहिलेलं होतं. त्यांच्या पुतण्याशी बोलता बोलता कळलं की आयुष्यभर गोदामात सुपरवायझर होते आणि रोज घरी निघायच्या आधी सगळी कुलपं स्वतः ओढून बघायचे. त्यांना कुठे पळायचं नव्हतंच गं, ते ड्युटी करत होते! मग संध्याकाळच्या शिफ्टमधल्या मुलाने त्यांना सोबत घेऊन राउंड मारायला सुरुवात केली, पाच-सात मिनिटं, शेवटी काका म्हणायचे ‘ठीक आहे सगळं’ आणि जाऊन बसायचे. तुझ्या आजोबांचं कारण हेच असेल असं नाही. त्यांना लघवीला जायचं असेल आणि संडास सापडत नसेल, मुलीची वाट बघत असतील, नुसते कंटाळले असतील, किंवा खरंच घरी जायचं असेल आणि ते दुःख खरं असेल. शोधावं लागेल.

शोधायचं कसं? तीन दिवस एक साधी वही ठेव. वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, त्यांनी काय केलं आणि काय बोलले, आपण काय केलं, मग काय झालं. त्यात मतं नकोत, ‘चिडले’ नको, ‘दोन वेळा दाराचं हँडल ओढलं, म्हणाले उशीर झाला’ असं लिही. तीन दिवसांत काहीतरी हाताला लागतंच. आणि फक्त नर्सना विचारू नकोस, लादी पुसणाऱ्या मावशींना विचार, रात्रपाळीच्या मुलाला विचार, या लोकांशी आजोबा जे बोलतात ते मीटिंगमध्ये कधी पोचत नाही.

मुलीशी बोलशील तेव्हा ‘बाबांच्या आवडीनिवडी काय’ असं फॉर्मवरचं विचारू नकोस, त्याला ‘असं खास काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘बाबा कामावर जायचे तेव्हा सकाळी उठल्यापासून त्यांचा दिवस कसा असायचा, सांगता का?’ असं विचार आणि मग मधे बोलू नकोस. आंघोळ सकाळी करायचे का रात्री, दार लावून का, गाणं लावून का, कुणी घाई केली तर चिडायचे का, सगळं त्यात येतं.

आणि तिच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाहीये, बाबा पडले तेव्हा फोन तिला आला होता, ती धास्ती तिच्या पोटात बसलीये. तिला समजावायला जाऊ नकोस, आधी ऐक आणि प्लॅनमध्ये तिच्या नावाने लिही की मुलीला काय भीती वाटते. पण हेही तिला नीट सांगायला हवं की दिवसभर खुर्चीत बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही, पायातली ताकद जाते, तोल जातो, आणि मग ज्या दिवशी ते उठतात त्या दिवशी पडतात. आणि समोर टेबल अडकवून किंवा सारखं दाबून बसवणं याला बांधून ठेवणंच म्हणतात, दोरी नसली तरी. तिला असं म्हणून बघ: ‘ताई, बाबा पडू नयेत असं मलाही वाटतं. पण बाबा उठणार आहेतच, आपण बघितलंय. तर ते उठतील तेव्हा धोका कमी कसा करायचा ते आपण मिळून ठरवू या का?’ आणि मग ठोस गोष्टी काढ: घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट, चष्मा स्वच्छ आहे का आणि नंबर कधी तपासला, उभं राहिल्यावर बीपी खाली जातं का, झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत का आणि डॉक्टर त्या परत बघतील का, संडासची वेळ, रात्रीचा मंद दिवा, दिवसातून दोनदा कुणीतरी सोबत चालणं.

या सगळ्याच्या मुळाशी एक फरक आहे, मायकेल स्मल नावाच्या माणसाने तो सुटसुटीत करून दिलाय, आणि मला तो रोज कामाला येतो. माणसाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं ते एक, आणि त्याच्या तब्येतीसाठी, सुरक्षेसाठी काय महत्त्वाचं ते दुसरं. आपले प्लॅन सगळे दुसऱ्यानेच भरलेले असतात. मुलीचं ‘चालू देऊ नका’ दुसऱ्यात येतं, आजोबांचं दाराकडे जाणं पहिल्यात. एक खोडून दुसरं लिहायचं नाही, दोन्ही शेजारी शेजारी लिहायची आणि मधली वाट काढायची, हेच खरं प्लॅनिंग. उलटं टोकही बरोबर नाही हं, ‘त्यांची इच्छा’ म्हणून महिनाभर आंघोळच नाही आणि कातडी लाल झालीये, हा आदर झाला नाही, त्याला मी हयगयच म्हणीन. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्येच मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की थोडी जोखीम घेता येणं हाही माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, सगळी जोखीम काढून घेतली की माणूसपणही थोडं काढून घेतलं जातं. मला हे पटतं.

आता तू म्हणशील, त्यांना डिमेन्शिया आहे, त्यांना काय विचारणार. विचारायचंच. डिमेन्शिया आहे म्हणून काहीच ठरवता येत नाही हे कायदाही मानत नाही. उदाहरण म्हणून इंग्लंड-वेल्सचा २००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट घे, त्यात सुरुवातच इथून आहे की माणसाला ठरवता येतं असं आधी धरून चाला, त्याला समजावं म्हणून जमेल ती सगळी मदत करा, त्याचा निर्णय तुम्हाला शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवू नका, आणि त्याच्या वतीने ठरवायची वेळ आलीच तर त्याच्या भल्याचं आणि त्याच्या मोकळेपणावर कमीत कमी बंधन येईल असं ठरवा. तुझ्या इथला कायदा तू मॅडमना विचारून घे, पण मूळ गोष्ट तीच: प्रत्येक निर्णय वेगळा बघायचा. आजोबांना बँकेचे कागद कळणार नाहीत कदाचित, पण निळा शर्ट की पांढरा, आत्ता की थोड्या वेळाने, हे त्यांना नक्की कळतं. दोनच पर्याय दे, दोन्ही वस्तू हातात धरून दाखव, आणि थांब. मनात दहापर्यंत मोज. आपण तीन मोजायच्या आत परत विचारतो, आणि त्यांचं उत्तर अर्ध्या वाटेवरच राहतं. दिवसाच्या ज्या वेळी ते जास्त टवटवीत असतात तेव्हा विचार, समोर बसून, तुझा चेहरा उजेडात असेल असं, टीव्ही बंद करून.

लिहायचं कसं, हे तुझं खरं विचारणं. आंघोळीचा भाग मी असा लिहिला असता, तुझ्या वहीत जे सापडेल त्याप्रमाणे बदल:

‘आंघोळ संध्याकाळी, जेवणाआधी. आत एकच जण, दुसरा हाकेच्या अंतरावर, आत नाही. आधी समोर येऊन नाव सांगा, टॉवेल दाखवा, “पाणी गरम आहे, बघता का?” म्हणून त्यांचा हात पाण्याला लावा. उजवा खांदा दुखतो, शर्ट काढताना डावी बाही आधी, घालताना उजवी आधी. कमरेवरचा टॉवेल काढू नका. पायांपासून सुरू करा. “बस” म्हणाले किंवा हात छातीशी घेतला तर तिथेच थांबा, झाकून घ्या, चेहरा-काखा-जांघा एवढं झालं असेल तर त्या दिवशी पुरे. जबरदस्ती केली तर पुढचे दोन दिवस कुणालाच जवळ येऊ देत नाहीत.’

बघ, यात ‘आदर’ हा शब्द एकदाही नाहीये. आणि ‘दोघांनी मिळून घालावी’ ही जुनी ओळ बदलायच्या आधी नर्स किंवा फिजिओकडून खात्री करून घे की ती आजोबा झटापट करतात म्हणून लिहिली होती की उठवायला-बसवायला खरंच दोघं लागतात म्हणून, कारण दुसरं असेल तर ती राहणार, तुझ्या आणि त्यांच्या दोघांच्या पाठीसाठी.

एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. आजकाल सगळे प्लॅन ‘मला आवडतं’, ‘मला हवं असतं’ असे प्रथमपुरुषी लिहायची पद्धत आलीये, ऐकायला छान वाटतं. पण आजोबा जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नकोस. ते म्हणाले असतील तर त्यांचेच शब्द, जसे आले तसे, अवतरणात. मुलीने सांगितलं असेल तर ‘मुलगी सांगते’. तू बघितलं असशील तर ‘आम्ही असं बघितलं, अमुक तारखेला’. नाहीतर सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही की हे आजोबांचं म्हणणं होतं की आपली कल्पना.

शुक्रवारपर्यंत सगळं होणार नाही, आणि करूही नकोस. मॅडमना सांग की आंघोळ आणि दार हे दोनच भाग मी आत्ता नीट करते, बाकीचे जुनेच ठेवून पुढच्या आठवड्यात घेते, आणि मला दोन दिवस आंघोळीच्या वेळी नुसतं बघायला मिळालं पाहिजे. स्टाफ कमी आहे हे मला माहितीये, वेळ कुठून आणू हे तुझ्या मनात येणारच. पण रोज दोन माणसं अर्धा तास झटापट करतायत, तो वेळ आत्ताही जातोच आहे, हा हिशोब मॅडमसमोर मांड. मान्य करतीलच असं नाही, तरी लेखी विचार. आणि पहिला रिव्ह्यू दोन आठवड्यांनी लाव, सहा महिन्यांनी नको, कारण पहिल्या वेळी आपलं निम्मं चुकलेलं असतं.

प्लॅन झाला की आजोबांजवळ बसून हळूहळू वाचून दाखव, सगळा नाही, त्या दोन भागांतल्या चार-पाच ओळी. त्यांनी मान हलवली, तोंड फिरवलं, हसले, जे काही केलं तेही तारीख घालून खाली लिही. आणि मला परत लिही, ते दाराशी नेमकं काय म्हणतात हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

— ताई